करारावर सही कोण करणार

४ मार्च. सचिवबाईंनी बोलावलं. बौद्धिक संपदेच्या आंतरराष्ट्रीय करारात आपल्या देशाने का सामील व्हावं, यावर दोन पानांची टिपणी हवी. पेटंट, कॉपीराइट वगैरे. खात्यात यातलं कळणारा मी एकटाच. सही करायला एक अधिकारी परदेशात जाईल, असंही म्हणाल्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या.

५ मार्च. बायकोला सांगितलं. निवृत्तीला सात महिने उरलेत आणि बत्तीस वर्षांत खात्याने मला कुठेही पाठवलं नाही, याची तिने आठवण करून दिली. या वेळी दाखवतोच. उद्यापासून टिपणी.

९ मार्च. सूट शिवायला टाकला. टिपणी डोक्यात तयार आहे, फक्त कारण सुचत नाही.

११ मार्च. सुचलं. आपल्या संशोधकांना जगभर संरक्षण. टायपिस्टने विचारलं, आपले संशोधक कोण? आगाऊ आहे. पेटंट शाखेला फोन केला. गेल्या वर्षीचे अर्ज नऊशे, आपल्या माणसांचे अकरा. बाकी सगळे बाहेरच्या कंपन्यांचे. म्हणजे संरक्षण आपण त्यांना देणार. मुद्दा गाळला. ‘जगात प्रतिष्ठा’ असं लिहिलं.

१२ मार्च. व्यापार खात्यातला मित्र म्हणाला, सही केली नाही तर मोठे देश आपला माल घेणार नाहीत, एवढंच कारण. ‘स्वेच्छेने सहभाग’ असं लिहिलं.

१३ मार्च. शेजारच्या देशातल्या खात्याला पत्र. तुम्ही का सामील झालात?

२४ मार्च, दुपारी. उत्तर आलं. तुम्ही झालात म्हणून. हसून पुरेवाट. आपण अजून झालोच नाही. कसली माणसं देश चालवतात कोण जाणे. सूट आला. पोटावर घट्ट आहे. विमानात बटण उघडं ठेवीन.

३० मार्च. टिपणी सादर. नऊ पानं झाली. विषयच तसा आहे.

२ एप्रिल. रेकॉर्ड रूमच्या बाई जुनी फाइल घेऊन थेट सचिवबाईंकडे. आपण या करारात एकोणीस वर्षांपासून आहोत. आत कारणाची एकच ओळ: ‘शेजारी देश सामील होणार असल्याचे समजते.’ खाली मसुदा करणाऱ्याची सही. माझी. तेव्हा अक्षर चांगलं होतं.

३ एप्रिल. खचून चालणार नाही. करारातून बाहेर का पडावं, यावर टिपणी देतो म्हणालो. नऊ पानं तयारच आहेत, मधेमधे ‘नाही’ घालायचं. बाहेर पडतानाही कुणाला तरी जाऊन सही करावी लागत असेलच. सचिवबाई म्हणाल्या, लागत नाही, टपालाने पत्र पाठवलं तरी चालतं.

फार वाईट वाटलं. बायकोला अजून सांगितलेलं नाही. ती शेजारणीकडे चाकांची बॅग मागायला गेली आहे.