एका लाकडाची कबुली

पोंभुर्णा, मंगळवार, दिवेलागण

ह्यांचा पांढरा शर्ट इस्त्री करून मी चंद्रपूरच्या जेलला घेऊन गेले होते. तो तसाच परत आणला.

बांधावरच्या हाणामारीची केस अजून चालूच आहे. पण नव्या कायद्यात म्हणे, पहिलाच गुन्हा असेल आणि जास्तीत जास्त शिक्षेचा तिसरा हिस्सा आत काढून झाला असेल तर जामीन मिळतो. ह्यांचा तेवढा काळ झाला. मला वाटलं, आता सुटलेच.

वकीलबाई कागद चाळत म्हणाल्या, "आधी एक शिक्षा लागली आहे. सागाच्या लाकडाची. पहिला गुन्हा धरणार नाहीत. आता अर्धी मुदत काढावी लागेल."

ती केस! नांगरासाठी जंगलातून एक लाकूड आणलं होतं, तेही पडलेलं. हे म्हणत होते, कबूल करत नाही. पण धानाची कापणी तोंडावर होती. गावात सगळे तेच करतात, कोर्टात कबूल करायचं, दंड भरायचा, मोकळं व्हायचं. मीच म्हटलं होतं, "कबूल करून टाका न जी, तारखेवर कोण जाऊन राह्यलं?"

वकीलबाईंनी जाळीपलीकडे ह्यांना विचारलं, "तेव्हा कबूल कशाला केलं?"

"माह्याच मनानं केलं, बाई."

माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

घरी येऊन शर्ट खुंटीला लावला. "तुह्याच्यानं झालं" एवढं म्हणाले असते, तर मी भांडले तरी असते. आता ह्या शर्टाशी भांडू?