होऊ घातलेल्या व्याह्यांचा दम

श्रीरामपूर,
रविवार, दुपार

तीर्थरूप स्टेलाआत्या यांना,

प्रार्थनाचा प्रभूमध्ये सलाम. आधी तुमच्या गुडघ्यांची चौकशी. मागच्या फोनवर मी "गुडघे कसे आहेत" विचारलं तेव्हा तुम्ही "आहेत" एवढंच म्हणालात. ते उत्तर मी अपुरं धरलं आहे. आतोबांनाही सलाम सांगा. इकडे सगळं ठीक आहे. ठीक म्हणजे नेमकं काय, ते पुढे येईल.

दर फोनला तुम्ही एकच विचारता. कोल्हारचं स्थळ तुम्ही आणलं, आपण जाऊन घर बघून आलो, मंडळी हसतमुख होती, चिवड्यात शेंगदाणे भरपूर होते, मग एवढे दिवस दोन्ही घरं गप्प का? मी "बघू" म्हणते, कारण तुमचा फोन आला की पप्पा टीव्हीचा आवाज बंद करतात आणि चित्रं बघत बसतात. म्हणून पत्र. यात मी मत देणार नाही, घडलं ते क्रमाने लिहिते. माझा या विषयाशी संबंध फक्त तांत्रिक आहे.

पप्पांची नोकरीची सगळी वर्षं साखर कारखान्याच्या बॉयलरवर गेली आणि फावला वेळ विडीत गेला, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्याचा परिणाम म्हणजे त्यांचा जुनाट दम. दवाखान्यात मी दिवसभर लोकांच्या फुफ्फुसांची चाचणी करते. अनोळखी माणसं माझ्या एका शब्दावर यंत्राच्या नळीत जीव तोडून फुंकतात. पप्पा मात्र म्हणतात की मुलीसमोर फुंकायला बरं दिसत नाही. तरी डॉक्टरांनी त्यांना ओढायचं औषध दिलं होतं (आपण पंप म्हणतो तेच) आणि ते घेतही होते. मग तुम्ही सांगितलंत की लग्न ठरेपर्यंत पंप कुणाच्या नजरेस पडता कामा नये, नाहीतर लोक दमेकऱ्यांचं घर म्हणतील. (हा दम धुराने येतो. तो मुलीबरोबर सासरी जात नाही. पण हे मी तेव्हाही म्हटलं होतं.) तुमचा हेतू चांगला होता. पप्पांनी मात्र पाळायला सोपा अर्थ काढला: पाहुणे यायचे असतील त्या दिवशी पंप घ्यायचाच नाही. हे औषध रोजच्या रोज घ्यायचं असतं, आणि तुम्ही स्थळं इतकी नेटाने आणता की आमच्याकडे पाहुणे नेहमीच यायचे असतात. थोडक्यात, माझं लग्न जुळण्याची शक्यता वाढली की पप्पांचा श्वास कमी होत असे.

आता कोल्हारचा दिवस. तुम्ही ओट्यावर रॉबिनच्या आईशी मंगळसूत्राच्या वजनाबद्दल बोलत होतात, तेव्हा रॉबिनचे वडील, सायमनकाका, पप्पांना म्हणाले, चला, नदीकडचा ऊस दाखवतो. मला आणि रॉबिनला "बोलून घ्या" म्हणून मागून पाठवलं गेलं. प्रवरेकडे जाताना उतार आहे. उतरताना कुणालाच काही वाटलं नाही. परत येताना चढ लागला आणि दोघांनाही निसर्गाची ओढ लागली. पप्पा कडुलिंबापाशी थांबले आणि लिंब बघू लागले. नंतर काका बांधापाशी थांबले आणि बांध बघू लागले. नंतर दोघांनी मिळून एक गवताची गंजी बघितली. ती बराच वेळ बघितली. काका ओठ मुडपून शीळ घातल्यासारखा श्वास सोडत होते आणि हात गुडघ्यांवर टेकत होते. ही ढब मी दवाखान्यात रोज पाहते. मी रॉबिनला म्हटलं, तुमच्या वडिलांना दम आहे. तो म्हणाला, "नाही, त्यांना गंजी आवडते." (रॉबिन दूध संकलन केंद्रात फॅट मोजतो. मोजणारा माणूस असून असं उत्तर दिलं, याची मी नोंद घेतली.)

पुढे पाण्याच्या मोटारीची खोली आहे. पप्पा म्हणाले, तुमचा स्टार्टर कोणता आहे बघू, आणि दोघं आत गेले. पत्र्याचं दार लोटून घेतलं. आम्ही बाहेर उभे होतो. पत्र्यातून सगळं ऐकू येतं, त्यासाठी कान लावावा लागत नाही.

काका म्हणाले, "पाव्हणं, एक इचारू का? तुमी दर झाडाला थांबताय, ते माझ्यासाठी व्हय?"

पप्पा म्हणाले, "मला वाटलं तुम्हीच माझ्यासाठी थांबताय."

"आन मी मनात म्हंतोय, ह्या मानसानं कधी लिंब बघितला न्हाई का काय!"

मग स्टार्टरची पेटी उघडल्याचा आवाज आला. काकांचा पंप तिथे राहतो. त्यांनी गुऱ्हाळाच्या भट्टीसमोर जन्म काढला आहे, विडी कधी ओढली नाही, पण धुराला ते माहीत नसतं. रॉबिनचं लग्न ठरेपर्यंत हा पंप घरात नको, असं त्यांच्याकडेही कुणीतरी सांगितलेलं आहे. (रॉबिनच्या आत्या, कोल्हारच्याच. मी चौकशी केली.) "आमच्या हिला वाटतंय मोटार सारखी बिघाडती," काका म्हणाले. "मोटार लई गुनाची हाय." त्यावर पप्पांनी बायबलच्या चेनच्या कव्हरातून स्वतःचा पंप काढला. ऊस बघायला बायबल कशाला, हे मला मघापासून कळत नव्हतं. ओट्यावर ते त्यांच्या भक्तीच्या खात्यात जमा झालं होतं, तुम्हीही मान डोलावलीत.

यापुढचा प्रकार वैद्यकीय दृष्ट्या नोंदवण्यासारखा आहे. काकांनी स्वतःचा पंप ओढला आणि मग, पानाची चंची पुढे करावी तसा, तो पप्पांपुढे केला. "घ्या की. दारात आलेल्याला न्हाई म्हनू न्हाई." पप्पांनी घेतला. पप्पा मानी आहेत, त्यांनी लगेच परतफेड केली. मी पत्रा वाजवला. आतून पप्पांचा आवाज आला, "स्टार्टर बघतोय."

आता तांत्रिक भाग. काकांचं औषध श्वासनळीभोवतीचा स्नायू सैल करतं. पप्पांचं औषध त्या स्नायूला आवळायला सांगणारा निरोप अडवतं. रस्ते दोन, मुक्काम एक. म्हणूनच या आजारात ही दोन्ही औषधं एकत्र देतात, आणि अनेकांना एकट्या औषधापेक्षा दोन्हींनी जास्त आराम पडतो. म्हणजे या दोघांनी एकमेकांना विचारून जो शोध लावला तो बरोबर होता. फक्त तो आधीच लागलेला होता, आणि त्यासाठी दुसऱ्याचा उष्टा पंप तोंडात घ्यावा लागत नाही. उरलेला चढ दोघं न थांबता चढले, तेही कारखान्याच्या निवडणुकीवर बोलत. याचं सगळं श्रेय मी औषधांना देणार नाही. पप्पांचं औषध लागू पडायला वेळ लागतो. खरं बोलून झाल्यावर माणूस थोडा वेळ खाली बसतो, त्यानेही दम ओसरतो.

त्यानंतर पप्पा दर शनिवारी एसटीने कोल्हारला जाऊ लागले. मला सांगत, चर्चच्या कमिटीचं काम आहे. कोल्हारच्या चर्चची कमिटी श्रीरामपूरच्या माणसाला दर शनिवारी का बोलावते, असं मी विचारलं नाही; रॉबिनला मेसेज केला. उत्तर आलं: "दोघं मोटारीच्या खोलीत आहेत. मोटार बंद आहे." तेव्हा मी दोघांनाही आमच्या डॉक्टर मॅडमपुढे उभं केलं. मॅडमनी आधी दोघांना एकमेकांचा पंप ओढल्याबद्दल झापलं. मग दोघांची चाचणी मीच घेतली. पप्पा माझ्यासमोर पहिल्यांदा फुंकले, कारण काका आधी फुंकले होते. बाहेर चहाच्या गाडीवर दोघांनी रिपोर्ट शेजारी शेजारी धरून कुणाचा वाईट आहे ते पाहिलं. दोघांनाही आपलाच वाईट वाटला आणि दोघं समाधानी होते.

मॅडमनी प्रत्येकाला दोन्ही औषधं असलेला एकच पंप लिहून दिला. पप्पांनी विचारलं, "आत आधी कोण जातं?" मॅडम म्हणाल्या, दोन्ही बरोबरच. "मग मान कुणाचा?" मॅडमनी पुढचा पेशंट बोलावला.

आणि इथे स्थळ अडलं. ज्याच्या त्याच्या खिशात दोन्ही औषधं आली, त्यामुळे शनिवारी कोल्हारला जायचं कारण संपलं. लग्न ठरलं तर कारण मिळेल, असं मी (तांत्रिक अंगाने) सुचवलं. पप्पा घाबरले. म्हणाले, "व्याही झाल्यावर कसला शनिवार? मुलीच्या बापानं त्यांच्या दारात हात जोडून उभं राहायचं. व्याह्यासमोर कुणी खोकतं का?" काकाही तिकडे हेच म्हणतात, असं रॉबिन सांगतो: "आज आमी दोगं मोटारीपाशी मांडी घालून बसतोय. उद्या त्यांना खुर्ची टाकावी लागंल. खुर्चीत मानूस गप्प बसतंय." म्हणून दोघांनी आपापल्या घरी सांगून ठेवलं आहे की समोरच्यांचा निरोप यायचा आहे. तुम्ही ज्या निरोपाची वाट बघताय तो या दोघांनी अडवलेला आहे.

सध्या रॉबिन मला काकांचे पंप घेतानाचे व्हिडिओ पाठवतो आणि मी चुका सांगते. श्वास आधी पूर्ण सोडा, मग ओढा, मग धरून ठेवा. काका आता अगदी नीट घेतात. तरी व्हिडिओ येतात. परवाच्या व्हिडिओत काका नव्हते, नुसती नदी होती. मी काही चूक काढली नाही.

थांबते. गुडघ्यांबद्दल सविस्तर कळवा.

तुमची भाची,
प्रार्थना

ता. क. पंप लपवायचा नियम तुमचा असल्यामुळे तो मोडायचा अधिकारही तुमचाच, असं मला वाटतं. येत्या रविवारी या, कोल्हारच्या आत्यांनाही बोलवा, आणि दोघींनी मिळून या दोघांना सांगा की व्याह्यांनी एकमेकांसमोर खोकलं तरी चालतं. तुमचं ते ऐकतील. माझं ऐकत नाहीत, कारण माझ्याकडे फक्त पुरावा आहे.

ता. क. २. वरची विनंती रद्द समजावी. पाकीट चिकटवत होते तेव्हा पप्पा आले. कुणाला पत्र, विचारलं. मी सांगितलं. ते म्हणाले, "आक्काला लिही, लग्न ठरवायचं तर ठरव म्हणावं. पण मानपान नको. टोपी-टॉवेल नको. जेवायला फक्त सायमनची खुर्ची माझ्याशेजारी लाव, आन मधी कुणाला बसवू नको." हे त्यांनी एका दमात म्हटलं.

ता. क. ३. तरीही तुम्ही याच. पप्पांना विचारून झालं, काकांना रॉबिन विचारतो आहे, मंगळसूत्राचं वजन तुम्ही त्याच दिवशी ठरवलंत. मला अजून कुणी विचारलेलं नाही. आपण होऊन सांगणं मला जमत नाही. तुम्ही विचारा. उत्तर तयार आहे.