चौदाव्या खांबाचा खड्डा

१२ जानेवारी, सोमवार
कमिटीची मीटिंग सव्वा तास. विषय एकच, मागचं कुंपण. दिवाळीत बिबट्या वॉचमनचं कुत्रं घेऊन गेला तेव्हापासून नुसतं बोलणं चाललंय. आज ठरलं एकदाचं. आरेच्या जंगलाच्या बाजूची जुनी जाळी पार आडवी झालीये.
कॉन्ट्रॅक्टर म्हणाला फूटभर खड्डे पुरे. मी सेक्रेटरी असले तरी खांबातलं मला काय कळणार? म्हणून भोयेला बोलावलं. मागच्या पाड्यावर राहतो, पन्नाशीचा असेल. आरेतल्या कितीतरी तबेल्यांची कुंपणं त्याच्या हातची. त्याने आमचा जुना खांब एका हाताने उपटला, मुळा उपटावा तसा, आणि कॉन्ट्रॅक्टरच्या पायाशी ठेवला. "हा फूटभरच होता."  काम भोयेला.
चेअरमन गोखले खूश नाहीत. त्यांना लवकर हवंय सगळं, फ्लॅट विकायला काढलाय, गिऱ्हाईक बघायला येतंय.

१५ जानेवारी, गुरुवार
ए विंगच्या कोपऱ्यापासून सुरुवात. भोये आणि त्याचा मेहुणा किसन. दोघंच.
सकाळभर तिथेच उभी होते. प्रकाश म्हणाला, "अगं, ऑफिसात असताना कधी एवढं लक्ष दिलं नसशील." खरंय. पण मजा येतेय.
मधले खांब अडीच फूट, कोपऱ्यातला साडेतीन. खड्डा वर अरुंद, खाली रुंद, म्हणजे आतलं काँक्रीट बाटलीतल्या बुचासारखं अडकून बसतं. कोपऱ्यातल्या खांबाला दोन्हीकडून तिरके टेके. मी विचारलं, त्यालाच का? भोये म्हणाला, "ताई, सगळ्या तारा त्यालाच ओढणार. मधले नुसते उभे राहतात."
जाळी लगेच ताणायची नाही. आठवडाभर काँक्रीटला पाणी, मग तार. गोखले: "आठवडा?!"

१७ जाने., शनि.
बारा खांब उभे. पाणी मीच मारलं, पाइप लावून. गाऊन भिजला, घरी आल्यावर प्रकाश हसला.
सी विंगच्या तळमजल्यावरचे सावंतकाका खुर्ची टाकून बसलेले. एक्क्याऐंशी वय, गिरणीत होते, आता एकटेच. प्रत्येक खांबावर एक डोळा मिटून बघतात. "सुमन, तो नववो वाकडो आसा." किसनने ओळंबा लावला. खरंच वाकडा. काकांची छाती दोन इंच फुगली.
बरा दिवस.

१९ जाने., सोमवार
 आजचं आजच लिहिते.
सकाळी तेरावा उभा केला. मग चौदावा. सी विंगच्या मागे, पार्किंगच्या कडेला. म्हणजे आमच्याच किचनखाली, आम्ही तिसऱ्यावर. दीड फूट माती, विटांचे तुकडे, फुटक्या लाद्या. भोये म्हणाला, "भराव आहे." पहार उचलली, मारली आणि पहार गेली.
गेली म्हणजे आत गेली. पूर्ण. त्याच्या हातातून सुटून. पाच फुटांची लोखंडी पहार. मग खालून आवाज आला. पाण्यात पडल्याचा.
 सावंतकाका खुर्चीतून उठले.
भोये पालथा पडून आत बघायला लागला. म्हणाला, "गार वारा येतोय." गटाराचा वास मलाही आला. तो मागे सरकून उठायला गेला आणि त्याच्या पायाखालचं

जेवून परत बसले. जेवले कसली.
जमीन खचली. आवाजसुद्धा झाला नाही. छातीपर्यंत आत, दोन्ही हात बाहेर, बोटं मातीत रुतवलेली. माझ्याकडे बघत होता. मी नुसती किंचाळले, बाकी काही केलं नाही. किसनने दोर फेकला, दुसरं टोक बाराव्या खांबाला गुंडाळलं, दोन वेढे. तेरावा ओला होता, बाराव्याला दोनच दिवस झाले होते. मी, वॉचमन, सावंतकाका, सगळ्यांनी ओढलं. खांब हलला नाही. भोये वर आला तेव्हा त्याची एक चप्पल गेली होती आणि तो सारखं तेच बोलत होता, "खाली काही नाही. खाली काही नाही ताई."
हॉस्पिटल. दोन बरगड्या, डावा खांदा.

२० जाने., मंगळ
गोखले सकाळीच घरी. चहा घेतला नाही. "जुनी ड्रेनेज लाइन असणार, सुमनताई. दोन गाड्या काँक्रीट ओतू, विषय संपला. उगाच बोभाटा नको. सगळ्यांच्याच घरांचा प्रश्न आहे."
मी हो म्हटलं नाही. नाही पण म्हटलं नाही.
खड्ड्यावर फळ्या टाकल्या, वर एक प्लास्टिकची खुर्ची.
या घरात बावीस वर्षं. आज भांडी घासताना पाय जपून टाकत होते. वेड्यासारखं.

२१ जाने., बुध
भोयेला भेटून आले. बोलताना दुखतंय त्याला. बायको उशाशी. ती माझ्याशी बोलली नाही.
तो म्हणाला, तिथं ओढा होता. लहानपणी तिथे चिंबोऱ्या धरायचे. मग ट्रक यायला लागले, दोन वर्षं नुसता राडारोडा पडत होता, ओढा दिसेनासा झाला. पाणी काय थांबतंय? ते खालून जातंय, माती घेऊन जातंय.
"तू आधी का नाही बोललास रे?"
"मला वाटलं ओढ्याला पाईप घातला असेल, ताई. एवढी बिल्डिंग उभी केलीत म्हणजे घातलाच असेल ना."

संध्याकाळी खिडकीतून खाली बघत होते. आमचा वॉकिंग ग्रुप, अकरा बायका, त्या खुर्चीला वळसा घालून गप्पा मारत चाललेल्या. काल पण चालल्या असतील. मी वरून बघतेय. मला माहीत आहे आणि मी बघतेय.  धावत खाली गेले, सगळ्यांना तिथून हाकललं. खरं कारण सांगितलं नाही. "साप निघालाय" म्हटलं.
साप!
प्रकाशला सांगितलं. त्याने टीव्ही बंद केला. मग, "तू सेक्रेटरी आहेस ना? मग इंजिनीअरला फोन लाव. गोखल्यांना मागाहून सांग."

२२ जाने., गुरु
इंजिनीअर मॅडम आल्या, माझ्या भाचीच्या वयाच्या असतील. टेपला वजन बांधून खाली सोडलं. सोळा फूट. मग बॅटरी आणि मोबाइल काठीला बांधून आत घातला. व्हिडिओ दाखवला मला. पोकळी सरळ खाली नाहीये. आडवी आहे. पार्किंगखालून बिल्डिंगकडे.
त्यांनी विचारलं, तळमजल्यावर कोण राहतं?
सावंतकाकांच्या घरी गेलो. भिंती ठोकल्या, सगळं ठीक. बेडरूममध्ये मॅडम म्हणाल्या, हे कपाट जरा सरकवू या. काका मध्येच उभे राहिले. "जड आसा ता." आम्ही सरकवलं.
फरशीपासून छतापर्यंत तडा. माझी दोन बोटं आत गेली. मी घातलीच, का कोण जाणे.
काका पलंगावर बसले. कपाट तिथे मुद्दाम ठेवलं होतं. तीन वर्षं झाली. तडा कपाटाच्या वर दिसायला लागला तेव्हा तिथे कॅलेंडर.
"काका, सांगितलं का नाही हो?"
"सांगला असता तर माका हयसून काढला असतास, सुमन. झिलाकडे धाडलो असतास."
झील म्हणजे मुलगा. विरारला असतो. त्याच्या घरात काकांना गॅलरीत झोपवतात, हे आज कळलं.
मी रागावले काकांवर. सोळा घरं आहेत या विंगमध्ये, म्हटलं. ते मान खाली घालून ऐकत होते. घरी आल्यावर मला काल-परवाचे माझे दोन दिवस आठवले.

२४ जाने., शनि.
सगळ्यांची मीटिंग, ए विंगच्या लॉबीत. सगळं सांगितलं. मंगळवारपासून गप्प होते हेही. साप खोटा होता हेही. दुसऱ्या मजल्यावरची मीनल माझ्याकडे बघतच राहिली. रोज माझ्या शेजारी चालते ती. "सुमन, माझी आई पण चालत होती गं तिथे."
गोखले ओरडले. माझा सौदा मोडलात. मग मध्येच थांबले, खाली बसले आणि रडायला लागले. ते एवढे रडतील असं वाटलं नव्हतं. त्यांचंही घर सी विंगमध्येच आहे, चौथ्यावर.
मॅडमचं लेखी आलंय. सी विंग तपासणी होईपर्यंत रिकामी करा. महापालिकेला पत्र दिलं. घरोघरी लावायची नोटीस मीच लिहिली. खाली माझी सही. स्वतःच्या दारावरही चिकटवली.

२७ जाने., मंगळ
मुलुंडला, नणंदेकडे. चार बॅगा, देव, कुंड्या, कागदपत्रं. लोक आपापल्या नातेवाइकांकडे पांगले. टेम्पोवर टेम्पो. वजन नको म्हणून मॅडमनी सगळे रस्त्यावरच थांबवले.
पंधरा घरं रिकामी.
सावंतकाका नाही म्हणतात. आतून कडी. खिडकीतून बोलतात, चहा घेतात, खिडकीतूनच कप परत देतात.

३० जाने., शुक्र.
भोयेला घरी सोडलं. खर्च सोसायटीने केला, तो ठराव एकमताने. त्याच्या बायकोने आज पाणी दिलं.

१ फेब्रुवारी, रविवार
मॅडम म्हणाल्या, जमिनीत भोकं पाडून तपासायला तीन आठवडे तरी लागतील. सी विंग राहील की पाडावी लागेल, आज काही सांगता येत नाही. "खरंच नाही सांगता येत," असं दोनदा म्हणाल्या.
तोवर विंगभोवती कुंपण घाला, कोणी आत जाता कामा नये. जंगलाच्या बाजूला घालायची ती जाळी आता आमच्याच बिल्डिंगभोवती. किसन एकटाच खणतोय. प्रत्येक खड्ड्याआधी बारीक सळई घालून बघतो, मग पाय ठेवतो. मी आज दिवसभर त्याच्यासोबत होते. 
चार वाजता तो थांबला. सावंतकाकांच्या दारासमोर दोन खांब राहिले होते. "हे घातले की काका आतच राहतील, ताई. काय करू?"
खिडकीशी गेले. काकांना सांगितलं, मुलुंडला चला, आमच्याबरोबर. नणंदेला विचारलंय. खोटं नाही, खरंच विचारलंय. गॅलरीत नाही, हॉलमध्ये, पंख्याखाली.
ते जाळीकडे बघत होते. मग म्हणाले, "किती दिवस?"
 
किसनला म्हटलं, ते दोन उद्या.
निघताना वळून बघितलं तर खिडकी बंद. आत कपाट सरकवल्याचा आवाज येत होता. बॅग काढायला की तडा झाकायला, कळलं नाही.