सील शाबूत

बाबा, आज दुकानात एक फिलिपिनो मुलगा आला, पाठीला कॉलेजची बॅग. चिप्स घेतल्या, रेझर घेतला आणि मग उगाच च्युइंगम चाळत उभा राहिला. मी ओळखलं. मागच्या फळीवरचं पाकीट काढलं, उलटं केलं आणि तोंडातून निघून गेलं, "डेट देख लो." तो कानापर्यंत लाल झाला. आवाज तुमचा होता.

तुम्ही प्रत्येक डबा असाच उलटा करायचात. रास अल खोरच्या घाऊक बाजारातून माल आला की आधी तारीख, मग सील, मग फळी. बलदियाचा, म्हणजे इथल्या नगरपालिकेचा, माणूस एक दिवस जुना दह्याचा डबा हातात धरेल आणि दुकानाला टाळं लावेल, ही तुमची कायमची भीती. मी दहावीला गणितात गेलो, पुढे शिकलो नाही, तरी माझ्या अक्षराचं तुम्हाला कौतुक. "आमच्या पोराचं स्पेलिंग चुकायचं नाही," असं गिऱ्हाइकांना सांगायचात. मला ते आवडायचं.

ती नर्सिंग शिकणारी मुलगी आठवते? इथे सगळेच फिलिपिनोंना 'कबायान' म्हणतात, तुम्हीही तिला तेच म्हणायचात. ती मला 'कुया' म्हणायची, म्हणजे दादा. वर्गासाठी केलेलं पोस्टर तिने काउंटरवर पसरलं होतं. मी मार्कर घेऊन एक शब्द दुरुस्त केला, गोनोरिया. शेजारच्या दवाखान्याच्या पाटीवर तो रोज वाचायचो. "यात आर दोनदा येतो," मी ऐटीत म्हणालो.

"अर्थ माहीत आहे?"

"एखादं फूल असेल."

ती हसता हसता तांदळाच्या पोत्यावर बसली. आतून तुम्ही ओरडलात, "ए कबायान, बोरी फट जाएगी!" मग तिने हळू आवाजात मला सगळं समजावलं, तो शरीरसंबंधातून लागणारा रोग आणि तो टाळायचा उपाय. माझी मान वर होईना. तिच्या वर्गातलंही सांगितलं. एकजण म्हणतो पहिल्या वेळी काही होत नाही, एक म्हणते समोरच्याच्या चेहऱ्यावरून कळतं. "आणि ज्यांना पुस्तक पाठ आहे ना कुया, तेही दुकानात जाऊन मागत नाहीत. लाज!" जाताना वर्गात दाखवायला आणलेल्या कंडोमांतलं एक पाकीट तिने माझ्यापुढे सरकवलं, स्पेलिंगची फी म्हणून. ते मी पैशांच्या पाकिटात गणपतीच्या फोटोमागे ठेवलं. मग बरं वाटेना, म्हणून दुसऱ्या कप्प्यात.

पुढे माझा व्हिसा रिन्यू करायची वेळ आली. मेडिकलला रक्त तपासतात, त्यात तसलं काही निघालं तर माणसाला परत पाठवतात, हे तुम्हाला माहीत होतं, मलाही. तरी तुम्ही निवांत होतात. आपण रांगेत उभे आहोत आणि तुम्ही विचारता, "फोटो कुठे ठेवलेस?" मी हातातले कागद पुन्हा पुन्हा मोजत राहतो, म्हणून तुम्ही माझ्याच खिशातून पैशांचं पाकीट काढता. फोटोंबरोबर तिने दिलेलं ते पाकीटही बाहेर येतं. मागचा माणूस फिस्सकन हसतो. तुम्ही ते उलटं करता, चष्मा वर सरकवून वाचता.

"तारीख गेलीय."

मग बिस्किटाच्या पुड्यावर फिरवावा तसा कडेवरून अंगठा फिरवलात. "सील शाबूत आहे." तुमचा चेहरा एकदम सैल झाला. "लग्न ठरलं की नवीन घे. जुना माल ठेवू नये," म्हणालात आणि ते कचऱ्याच्या डब्यात टाकलंत. रक्त दिल्यावर मला आंब्याचा ज्यूस पाजलात. मी ग्लास दोन्ही हातांनी धरला होता. रिपोर्ट चांगला आला तेव्हा पाठीवर थाप मारलीत, "खलास, झालं काम! फिट!" त्याच संध्याकाळी फोनवर आईला सांगत होतात, "पोरगं सरळ आहे गं आपलं." पुढच्या वर्षी तुम्ही गेलात, तेच मनात घेऊन.

तुमच्या हिशेबाने सील शाबूत म्हणजे मालाला हात लागलेला नाही. बाबा, मेडिकलच्या थोडेच दिवस आधी मी एका खोलीत होतो. कोणाबरोबर ते लिहीत नाही. ते पाकीट तेव्हाही माझ्या खिशात होतं. अर्थ माहीत होता, आर किती ते माहीत होतं. बाहेर काढायची लाज वाटली. सील शाबूत होतं ते त्यामुळे. रिपोर्ट येईपर्यंत मी फक्त स्वतःच्या व्हिसाला घाबरलो. तिने तपासून घेतलं का, ते तिला कधी विचारलं नाही.

हा कागद मी फाडून टाकणार आहे. तुम्ही असतात तरी दिला नसता. आज त्या मुलाला काळ्या पिशवीत पाकीट घालून देताना म्हणायचं होतं, नुसतं खिशात ठेवू नकोस रे.

म्हणालो, "और कुछ?"