खांद्यातली गोळी

पोदलिपा,
८ सप्टेंबर १९९६

ती. अल्बिनमामांना येर्नाचा सा. न. वि. वि.

फोनच केला असता, पण नेमबाजीने निम्मे झालेले तुमचे कान आणि आमच्या टपालकचेरीत बसून दुसऱ्यांचे फोन ऐकणारी ती बाई, दोघांवरही माझा भरवसा नाही. म्हणून लिहिते.

गाश्पेरला जाऊन आज वीस दिवस झाले. अंत्यविधीला तुम्ही माझ्याहून जास्त रडलात. आई अजून येईल-जाईल त्याला सांगते की माझा भाऊ किती हळव्या मनाचा. मला रडू येत नाही, मामा. मला राग येतो. मक्यात रानडुकरं शिरलीत का ते बघायला माझा नवरा हातात नुसती काठी घेऊन गेला, आणि त्याची मांडी उभी चिरली गेली. मी बांधावर पोचले तेव्हा तो नर अजून तिथेच होता. डावा सुळा मोडलेला, उजवा पुढचा पाय फरफटत ओढणारा. माझ्याकडे बघून तो सावकाश रानात गेला. घाईसुद्धा केली नाही मेल्याने.

मला तो हवा आहे. परवाना माझ्याकडे आहे. दोन वर्षांपूर्वी परीक्षा दिली तेव्हा तुम्हीच म्हणाला होतात की शिकारी मंडळात एक तरी डोकं असलेलं माणूस आलं. गाश्पेरची रायफल आहे. फक्त गोळी तुमची हवी. ज्या गोळीने तुम्ही नेमबाजीचे कप जिंकलेत, पाच तोलारच्या नाण्याखाली पाची भोकं झाकली जातात ती. तुमच्या हातची वीस काडतुसं भरून पाठवा. मला चुकायचं नाही.

आई बरी आहे. गुडघ्यांच्या नावाने शंख चालू असतो. तुम्ही रविवारी जेवायला कधी येणार म्हणून रोज विचारते. तुमची माया आहेच, ती काडतुसांच्या रूपाने पोचावी ही विनंती.

तुमची,
येर्ना


क्रान्य,
१४ सप्टेंबर १९९६

चि. येर्ना हिला अल्बिनमामाचे अनेक आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं. तुला म्हणावंसं वाटलं की पोरी, आपल्यावर कुणी सूड घेतला हे डुकराला कळतसुद्धा नाही. पण तू माझ्या बहिणीची लेक, तुला समजावण्यात माझी उरलीसुरली श्रवणशक्तीही जायची.

कपाची गोळी मी तुला देणार नाही. ती कागदासाठी असते. तिचं तोंड पोकळ, कवच पातळ, म्हणून हवेतून ती दोरी लावल्यासारखी जाते. पण कागदाला हाडं नसतात. म्हाताऱ्या नराच्या खांद्यावर कूर्चेची बोटभर जाड ढाल असते, तीवर चिखल आणि झाडांचा चीक वाळून घट्ट झालेला. त्यावर ही गोळी आपटली की तिथल्या तिथे चुरा होते. बाहेरून मोठी थोरली जखम दिसते, आत काहीच पोचलेलं नसतं. जनावर चालत राहतं.

शिकारीच्या गोळीने आधी बरोबर जागी जायचं आणि मग आत जाऊन काम करायचं. एका गोष्टीत फार हुशार असलेली गोळी बहुधा दुसरीत कच्ची असते. तीन प्रकार पाठवतो, प्रत्येकी सहा, पाच कागदावर मारायला आणि एक खोक्यात. बुडाला रंग लावलाय. लाल ती मऊ तोंडाची, हलकी. निळी ती जाड कवचाची. हिरवी दोन कप्प्यांची. पुढचा कप्पा फुटून फुलतो, मागचा शाबूत राहून आत जातो. रायफलीलाही आवडनिवड असते, तिलाच विचार. एका खोक्यात जुनी वर्तमानपत्रं रात्रभर भिजवून गच्च रच, पुढे खाटकाकडून आणलेलं गाईच्या खांद्याचं हाड ठेव, आणि मार. मग आत हात घालून बघ.

त्या नराला कुणी जखमी केलं, याच्या मागे मात्र लागू नकोस. गेलेला माणूस त्याने परत येत नाही.

तुझ्या आईला, लिलीला सांग, कानांचं औषध चालू आहे, जेवायला येतो म्हणून. माया आहे तशीच असू दे.

तुझा,
अल्बिनमामा


पोदलिपा,
२९ सप्टेंबर १९९६

ती. मामांना सा. न. वि. वि.

तुमच्या खोक्याने घराची शोभा केली. अंगणभर ओली वर्तमानपत्रं आणि गाईची हाडं बघून टपालवाल्याने पत्र फाटकातूनच फेकलं. आई म्हणाली की विधवा झाल्यावर बायका लोकर विणतात म्हणे, आमची ही हाडं फोडते.

लाल गोळी गाश्पेरच्या रायफलीला फार आवडली. शंभर मीटरवर पाचही भोकं अक्रोडाखाली झाकली. खरं सांगते, मी तीच धरून बसले होते. पण खोक्यात हात घातला तर हाडावरच फुटलेली, सगळे तुकडे पहिल्या वीतभरात. निळी तर खोकं, फळी, सगळं भेदून पार झाली, पण भोक पेन्सिलीएवढं. अशाने डुक्कर दोन डोंगर पलीकडे जाऊन मरेल आणि मला दिसणारही नाही. हिरवीची भोकं मुठीएवढ्या जागेत विखुरली, तेव्हा मी वैतागले. पण आत तिने हाताच्या कोपरापर्यंत वाट काढली होती, आणि तोंड फुलासारखं उमललेलं. मग मी विचार केला, डुकराचं काळीज नि फुप्फुस मिळून थाळीएवढं असतं. मग मुठीएवढा नेम पुरे झाला. नेटकेपणाचा हट्ट मी सोडला. हिरवी दहा पाठवा.

आता दुसरं. तुम्ही नको म्हणालात तरी मी मागे लागले. आपल्या मंडळाची रीत तुम्हाला माहीत आहे. गोळी लागून जनावर पळालं तर त्याच दिवशी वहीत नोंद करायची, माग काढणारा कुत्रा मागवायचा, आणि शेतात जाणाऱ्या सगळ्यांना सांगायचं. मी वही बघितली. ऑगस्टमध्ये एकही नोंद नाही. आमच्या मक्याच्या वर एकच मचाण आहे, आणि ते मंडळाच्या प्रमुखाचं, सिल्वोचं. पंधरा ऑगस्टला, चर्चच्या सणाच्या संध्याकाळी तिकडून एक बार ऐकल्याचं आईला आठवतं. तुम्ही तर त्या दिवशी त्यांच्याकडेच पाहुणे होता, तुम्हाला काही आठवतं का?

डुक्कर पडलं की मी त्याचा खांदा उघडणार आहे. आत सिल्वोची गोळी असेल. ती मी सगळ्या मंडळासमोर टेबलावर ठेवीन. त्या माणसाने एका शब्दाने सांगितलं असतं तर गाश्पेर काठी घेऊन गेला नसता. डुक्कर जनावर आहे, त्याला मी एका गोळीत सोडीन. सिल्वोला तसा सोडणार नाही.

तुमच्या काडतुसांची आणि आठवणीची वाट बघते.

येर्ना


क्रान्य,
६ ऑक्टोबर १९९६

चि. येर्ना हिला आशीर्वाद.

हिरवी दहा सोबत आहेत. प्रत्येकीची दारू दोनदा तोलली आहे. जनावर आडवं उभं राहील तेव्हाच मार, पुढच्या पायाच्या मागच्या कडेला, एक तृतीयांश उंचीवर. समोरून मारू नकोस.

खांदा उघडून काही मिळणार नाही. दोन-तीन महिन्यांत सगळं सडून जातं. जनावर पडलं की तोंडात डहाळी ठेव, टोपी काढ आणि आहे तसं पुरून टाक. सिल्वो वाईट माणूस नाही. त्या संध्याकाळचं मला विशेष आठवत नाही, वाइन झाली होती.

थंडी सुरू झाली, तुझ्या आईच्या गुडघ्यांना जप.

अल्बिनमामा


पोदलिपा,
१८ नोव्हेंबर १९९६

ती. मामांना येर्नाचा सा. न. वि. वि.

पडला. आठ तारखेला, सकाळी साडेसातला, बीचच्या झाडांखाली. अकरा पहाटा मचाणावर काढल्या, पाय बधिर झाले होते. तो समोरून आला तेव्हा बोट चापावर होतं, पण तुमचं ऐकलं, थांबले. तो वळून आडवा झाला. हिरवी गोळी ढालीतून गेली आणि तो वीस पावलांत बसला. मी मनाशी ठरवलं होतं की याच्या तोंडात डहाळी ठेवायची नाही, याला मेलेल्याचा मान द्यायचा नाही. पण जवळ गेले तर तो नुसता हाडांचा सापळा होता, मामा. उजवा खांदा पू होऊन काळा पडलेला. तीन महिने तो तसाच ओढत होता स्वतःला. डहाळी मी ठेवली.

मग खांदा उघडला. आत शिशाची भुकटी, आणि अंड्याच्या टरफलासारखे पातळ कवचाचे तुकडे. एकही तुकडा ढालीच्या आत गेलेला नाही.

परवा शनिवारी मंडळात माझ्या पहिल्या डुकराचा सोहळा होता. तुम्हाला माहीत आहे कसा असतो तो. खोटं न्यायालय, खोटा वकील, गुन्हा सांगून सगळे हसतात, आणि प्रमुख हातातल्या छडीने तीन फटके मारून शिकारी करून घेतो. सिल्वो छडी घेऊन उभा. आरोपीला काही बोलायचंय का, असं त्याने हसत हसत विचारलं. मी खिशातून रुमाल काढला आणि ते तुकडे टेबलावर ओतले. म्हटलं, आरोपी मी नाही. म्हटलं, आमच्या मक्यावरच्या मचाणावरून सणाच्या संध्याकाळी कोणी बार काढला ते प्रमुखांनी सांगावं, आणि वहीत का लिहिलं नाही तेही सांगावं, आणि माझ्या नवऱ्याला का सांगितलं नाही ते सगळ्यात आधी सांगावं.

सिल्वोने एक तुकडा उचलून दिव्याजवळ धरला. मग एवढंच म्हणाला की माझ्या मचाणावरून जखमी झालेलं जनावर माझ्या जबाबदारीचं. टोपीवरचा बिल्ला काढून ठेवला आणि निघून गेला. आज दुकानात त्याच्या बायकोशी कुणी बोललं नाही. ती पाव न घेताच परतली. मला वाईट वाटायला हवं होतं का? नाही वाटलं. तीन महिन्यांत पहिल्यांदा मी रात्री झोपले.

एक तुकडा पाकिटात घातला आहे. सिल्वो कोल्ह्यांसाठी हलक्या गोळ्या वापरतो, त्यातलाच असावा. तुम्ही जाणकार, तुम्ही बघून खात्री करून लिहा, म्हणजे तेही मंडळाच्या वहीत चिकटवीन.

तुमच्या गोळीने काम केलं, त्याबद्दल जन्मभर ऋणी.

तुमची,
येर्ना


क्रान्य,
२३ नोव्हेंबर १९९६

येर्ना,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही.

तुकडा बघितला. बघायची गरज नव्हती. ती कपाची गोळी आहे. माझी.

सणाच्या जेवणात मी बढाई मारत होतो. कुणीतरी म्हणालं की कागदावर मारणं वेगळं, डुकरावर वेगळं. मी चिडलो. स्पर्धेची काडतुसं सामानातच होती. सिल्वोने नको म्हटलं. मी म्हटलं की जिथे बोट ठेवशील तिथे मारतो. सिल्वोच्या मचाणापासून एकशे ऐंशी मीटरवर तो नर उभा होता. माझा नेम चुकला नाही, येर्ना. खांद्यावर जिथे ठरवलं तिथेच लागली. चाळीस वर्षं मी लोकांना ही गोळी जनावरावर मारू नका म्हणून सांगत आलो, आणि ऐन वेळी मला फक्त नेमच दिसला.

सिल्वो लगेच नोंद करायला निघाला होता. मी त्याचा हात धरला. वहीत गोळीचा प्रकार लिहावा लागतो, माझं नाव लिहावं लागतं. मी ज्यांना शिकवलं त्या पोरांनी ते वाचलं असतं. सकाळपर्यंत थांब, म्हणालो. रात्री पावसाने रक्त धुवून नेलं. सकाळच्या बसने मी निघून आलो. पाहुण्याची अब्रू आपली, एवढंच सिल्वो म्हणाला. चार दिवस तो एकटाच कुत्रा घेऊन रान धुंडत होता.

तुला योग्य गोळी पाठवली, याहून दुसरं काही मला जमलं नाही. मंडळाला एवढंच कळव की सिल्वोच्या बाबतीत चूक झाली. हे पत्र जाळून टाक. आणि लिलीला कळू देऊ नकोस. तिला माझ्याशिवाय भाऊ नाही, आणि मलाही दुसरं कुणी नाही. पाया पडून मागतो.

अल्बिन


पोदलिपा,
२८ नोव्हेंबर १९९६

अल्बिनमामा,

पत्र जाळलं नाही. काल मंडळात वाचून दाखवलं, पहिल्या ओळीपासून तुमच्या सहीपर्यंत. तुम्ही ज्यांना शिकवलंत ते चौघेही होते. एकाने मध्येच उठून खिडकी उघडली. मग मी ते वहीत पंधरा ऑगस्टच्या पानावर चिकटवलं. नोंद तीन महिने उशिरा झाली, पण झाली.

त्याआधी मी सिल्वोच्या घरी गेले होते. त्याच्या बायकोने दार उघडलं आणि मला आत घेतलं, हे मला आयुष्यभर टोचेल. मी त्याची माफी मागितली, बिल्ला पुढे केला. त्याने घेतला नाही. तुमचं नाव झाकलं ते पाहुण्यासाठी, पण गाश्पेरला सांगितलं नाही ते माझं पाप, असं म्हणाला, आणि मग तो मोठा माणूस स्वयंपाकघरात उभा राहून रडला. मी त्याला तुमच्यापायी फोडून काढलं, मामा. माझा सूड मी भलत्याच माणसावर खर्च केला, आणि तुम्ही तो होऊ दिलात. मी सिल्वोच्या मागे आहे हे तुम्हाला सप्टेंबरपासून माहीत होतं.

तरी थोडा सूड शिल्लक आहे. आईला मी काही सांगितलेलं नाही, तुमची एवढी विनंती मी पाळली. मी तिला फक्त इतकंच म्हटलं की मामा रविवारच्या अकराच्या बसने येणार आहेत, आणि गाश्पेर कसा गेला त्याबद्दल त्यांना तुला स्वतः काहीतरी सांगायचंय. तिला वाटतंय की तुम्ही तिचं सांत्वन करायला येताय. गुडघे विसरली आहे. तुम्हाला आवडते म्हणून अक्रोड भरलेली गोड पोतित्सा भाजायचं ठरवलंय, आणि सकाळपासून खिडकीशी बसून अक्रोड फोडते आहे.

येर्ना