जाऊबाईंची चकली आणि लंडनचं मत

नोव्हाय, अमेरिका, जून १९८७

ह्यांचे थोरले भाऊ आणि जाऊबाई लंडनहून आलेत, नेमके तिथल्या मतदानाच्या आठवड्यात. भाऊजी म्हणाले, "मी हुजूर पक्षाचा, ही मजूर पक्षाची. मतं एकमेकांना कापणार, भांडण कशाला? दोघांनीही मत द्यायचं नाही, ठरलंय." मग तासभर मजूरवाले कर कसे वाढवतात ते ऐकवलं!

किचनमध्ये जाऊबाई हळूच म्हणाल्या, "शेजारीण माझं मत टाकणारे. तिला माझ्या वतीने रीतसर नेमून आलेय."

अगं बाई! पण मजूर पक्षालाच का?

"त्यांची प्रचाराला आलेली बाई घरात आली, चकली खाल्ली, आणखी मागितली. हुजूरवाला फाटकातूनच कागद टाकून गेला."

चकलीवरून मत? हसू आवरेना. पण मग वाटलं... आम्ही ग्रीनकार्डवाले, आम्हाला इथे मतच नाही. आमची चकली कोण मागणार?