चाक माझ्या ताब्यात

२४ सप्टेंबर १९६१, अकोला
ठरलं. यापुढे पुंजाराम माझ्या मोटारीला हात लावणार नाही. पुंजाराम म्हणजे सौ. जमुनाचा धाकटा भाऊ, हिवरखेडचा. अकोल्यात पेंड घ्यायला एसटीने येतो आणि परत माझ्या मोटारीने जातो. चावी लागत नाही, कारण मोटार मॉडिफाय करताना चावीच्या जागी मीच बटण बसवलं. विज्ञान पुढे गेलं, नातेवाईक मागे राहिले, त्याला मी काय करणार?

मागच्या दसऱ्याला माझ्याच मोटारीत मी मागे पेंडीच्या पोत्यावर बसून सासरी गेलो. सासूबाईंनी भाकरतुकडा आधी ड्रायव्हरवरून ओवाळला. फार लागलं मनाला. यंदा जावई स्वतः गाडी चालवत हिवरखेडात शिरेल.

उपाय: स्टिअरिंगचं चाक काढता-घालता येणारं करणे. उतरलो की चाक काखेत. एका इंग्रजी मासिकात रेसच्या मोटारीला असं पाहिलंय. रेसवाला स्वतःला आत शिरता यावं म्हणून काढतो, मी मेहुणा शिरू नये म्हणून काढीन.

२७ सप्टेंबर
करीम मिस्त्रींच्या वर्कशॉपात दिवसभर. स्टिअरिंगच्या दांड्याचं टोक चौकोनी घासलं, चाकाला तसंच चौकोनी भोक, वर स्प्रिंगची खिटी. खिटी ओढली की चाक हातात. करीमभाईंनी विचारलं, बाबू, चलत्या गाडीत निघालं तर? निघत नसतं, असं मी सांगितलं.

जमुना म्हणाली, चांगली गाडी काहून तोडून राहिले? तोडणं वेगळं आणि डिझाइन वेगळं, हे तिला समजावलं. ती भाकरी करायला गेली.

२ ऑक्टोबर
ट्रायल. मोर्णेच्या पुलाकडे वळताना चाक हातात आलं. सिस्टिम अपेक्षेपेक्षा जास्तच क्विक निघाली. मोटार नत्थुजींच्या कडब्याच्या गंजीत शिरून थांबली. नत्थुजींनी विचारलं, गाडीले बिरेक नाई का? ब्रेक आहे. पण दोन्ही हातांत चाक असल्यावर पायांची आठवण कोणाला राहते? दोष स्प्रिंगचा.

९ ऑक्टोबर
नवी, जाड स्प्रिंग. अप्रतिम. आता चाक मी सोबतच नेतो. ऑफिसात टोपीच्या खुंटीला लावलं. हेडक्लार्क महादेवराव म्हणाले, गाडी कुठी हाय? म्हटलं, घरी. मग हे कायले आणलं, म्हणे. लोकांना सिक्युरिटी कळत नाही.

१४ ऑक्टोबर
विजय! पुंजाराम आला, मोटारीत बसला, पुढे हात केले, हातांना काही लागलं नाही. बराच वेळ तसाच बसला. मग एसटीने गेला. मी अंगणात एकट्याने गिरकी घेतली. जाताना तो म्हणाला होता, नवमीले जमुनाबाईले न्यायले येतो, सारेच संगं जाऊ. ये म्हटलं. बस मागे, पोत्यावर.

१८ ऑक्टोबर, खंडेनवमी, सकाळ
जमुनाने औजारं पूजेला मांडली. विळा, पावशी, अडकित्ता, माझे पाने, हातोडी. दरवर्षी मोटारीला बाहेरच कुंकू लागतं. यंदा म्हटलं, चाक हाच मोटारीचा जीव, बाकी नुसता पत्रा. मीच चाक मधोमध ठेवलं. झेंडूचा हार त्यालाच शोभला. दुपारी निघायचं. इस्त्रीचा कोट तयार.

दुपार
चाक उचलायला गेलो तर जमुनाने हात धरला. नवमीचं पुजलेलं औजार दसऱ्याच्या आधी उचलत नाईत, एवढं मालूम नाई का तुमाले? म्हटलं, मोटारीचं काय? ती म्हणाली, मोटार कुठी पुजली? तुमीच तर म्हणाले नुसता पत्रा हाय.

हरकत नाही. मी नाही तर कोणीच नाही. न्यायला आलेल्या पुंजारामला तसं ठणकावून सांगितलं. तो बाहेर गेला.

चार वाजता
पुंजाराम करीमभाईंकडून भलामोठा पाना मागून आला. करीमभाईंकडे खंडेनवमी नसते. पाना दांड्याच्या चौकोनी टोकावर घट्ट बसला. चौकोन मी किती बारकाईने घासलाय, हे त्याला सांगितलं. त्याने गल्लीत एक फेरी मारली. मस्त वळते भाऊजी, म्हणाला, जुन्या चाकापेक्षा हलकी.

मग मी चालवतो, म्हटलं. तर म्हणे, पाना माह्या जबानीवर आणला, दुसऱ्याच्या हाती कसा देऊ? ठीक, मागे बसतो म्हटलं. तेव्हा जमुनाला आठवलं की पूजेपुढचा दिवा उद्यापर्यंत विझू द्यायचा नसतो. तेल घालाले घरी कोणी तं पाहिजे, म्हणाली.

संध्याकाळ
गेले. योजना शंभर टक्के यशस्वी म्हणावी लागेल. चाक जागेवरून हललेलं नाही.

वाईट वाटतंय. कोट अजून अंगातच आहे. दिव्यात तेल घातलं. चाक उचललं नाही, पण आजूबाजूला कोणी नाही असं पाहून, आहे तिथेच बोटाने जरा डावीकडे फिरवलं. आता हिवरखेडच्या वाटेवरचं अकोटचं वळण आलं असेल.